सापुताऱ्याच्या वाटेवर मयताची चाल

"डिकी लागत नाही गं," मार्क म्हणाला.

"बसून लाव. मागच्या वर्षी लागली होती."

"मागच्या वर्षी लागली, पण गाडी कुठे हलली?"

मर्लिनने नवऱ्याच्या हातात छोटी बॅग दिली, तीही आत कोंबायला. सापुताऱ्याची ही तिसरी तयारी होती. पहिल्या वर्षी मार्कच्या साहेबांनी ऐनवेळी रजा रद्द केली. दुसऱ्या वर्षी जेन्सनला गालगुंड झालं, तो बरा होतो न होतो तोच ॲंजेलाला झालं, आणि दोन्ही पोरं गालाला फडकी बांधून ओटीवर बसून शेजाऱ्यांच्या गाड्या सुट्टीला जाताना बघत राहिली. या वर्षी मात्र काही झालं तरी वसईतलं आपलं उमेळं गाव सोडून बाहेर पडायचंच असं मर्लिनने मनाशी पक्कं केलं होतं. चंदनसारच्या शाळेत वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना डोंगर, दरी, धबधबा शिकवायचे आणि आपल्या पोरांनी डोंगर फक्त चित्रात रंगवायचा, याची तिला आता लाज वाटायला लागली होती. हॉटेलवाल्याने दोन वर्षं तारीख पुढे ढकलून दिली होती. यंदा त्याने स्वच्छ सांगितलं होतं, की बाई, आता आलात तर आलात, नाहीतर विषय संपला.

जेन्सन सात वर्षांचा होता आणि त्याला रोपवेत बसायचं होतं. ॲंजेला चार वर्षांची होती आणि तिला घोड्यावर बसायचं होतं, पण घोड्याने चालता कामा नये अशी तिची अट होती. दोघं पहाटेपासून बूट घालून गाडीत बसली होती. मार्क डिकीवर बसला, डिकी लागली, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून ग्रेसी आली. तिचा चेहरा बघूनच मर्लिनने गाडीचं उघडं दार लावून घेतलं.

"निघालात का रे?" ग्रेसीने डोळे पुसत विचारलं. "नाही म्हणजे, निघा हो. तुम्ही तरी काय करणार? पण डॅडींना घरघर लागलीय."

ग्रेसीचे डॅडी म्हणजे हिलरी मास्टर, उमेळ्याच्या बँडचे जुने मास्टर. एके काळी त्यांचा बँड नसला तर लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही आणि मयत गेल्यासारखं वाटायचं नाही. आता बँड मोडला होता. क्लॅरिनेटवाला सिमेट्रीत, ड्रमवाला पोराकडे कॅनडात, आणि बाकीच्यांच्या तोंडात फुंकायला दात उरले नव्हते. शिकवलेल्यांतला मार्क तेवढा गावात राहिला होता. पण तोही इन्शुरन्सच्या ऑफिसात बसून बसून सुटलेला, आणि त्याचा कॉर्नेट, तो आखूड पितळी कर्णा, कपाटावर धूळ खात पडलेला.

ईस्टरनंतर मास्टरांनी अंथरूण धरलं. फादर येऊन शेवटचं तेल लावून गेले, त्याच संध्याकाळी मास्टरांनी मार्कला खाटेपाशी बोलावून घेतलं. "माझ्या शवपेटीमागे ती सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत. मी बसवलेली मयताची चाल आहे, ती तू वाजवायची. ती वाजल्याशिवाय पेटी उचलायची नाही. शब्द दे." मार्कने शब्द दिला. खाटेवरच्या माणसाला नाही कोण म्हणणार? शिवाय मार्कचे वडील गेले तेव्हा पेटीला पुढून खांदा मास्टरांनी दिला होता आणि सिमेट्रीपर्यंत एकदाही बदलू दिला नव्हता. मार्कला वाटलं, वेळ येईल तेव्हा बघू. आणि वेळ आली ती नेमकी गाडीत पोरं बसलेली असताना.

"आता काय करायचं?" ग्रेसी गेल्यावर मार्क म्हणाला.

"मला काय विचारतोस? शब्द तू दिलास."

"मी सापुताऱ्याला असताना काही झालं तर? पेटी उचलणार नाहीत गं. ग्रेसीबाय ऐकणारी नाही. मे महिन्याचं ऊन आहे."

"मग आत्ताच वाजवून ये."

"आत्ता? जिवंतपणी?"

"ॲडव्हान्समध्ये. शब्द पाळल्याशी कारण ना?"

मार्कने कपाटावरचा कॉर्नेट काढला, त्यातली एक वाळलेली पाल झटकली आणि तो शेजारच्या घरात गेला. मास्टर खाटेवर आडवे होते. डोळे मिटलेले, जबडा उघडा, उशाशी मेणबत्ती. ग्रेसी पायाशी बसून रोझरी म्हणत होती. मार्कने छातीवर क्रूस काढला आणि फुंकायला सुरुवात केली.

चाल तशी साधी होती, माणसं पेटी घेऊन चालतात तितकीच सावकाश. फक्त मधोमध एक सूर वर चढायचा आणि एका दमात लांबवर धरायचा, पेटी सिमेट्रीच्या फाटकातून आत जाईपर्यंत. मार्कचा दम लहानपणापासून नेमका तिथेच तुटायचा. आजही तुटला. कोंबडीच्या मानेवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

मास्टरांचे डोळे उघडले.

"कोण मेलं?"

"कोणी नाही, डॅडी," ग्रेसी हुंदका देत म्हणाली. "अजून कोणी नाही."

"मग हे गाढव कशाला रडतंय?"

पुढचा अर्धा तास मास्टर बोलत होते. श्वास पोटातून घ्यायचा, गळ्यातून नाही. खांदे कशाला उचलतोस, हमाल आहेस काय? बोलता बोलता त्यांनी ग्रेसीकडे पेज मागितली, वर सुक्या बोंबलाची फोड मागितली आणि दोन्ही संपवली. ग्रेसी देवाचे आभार मानत अंगणात आली. मर्लिनचाही जीव भांड्यात पडला. दुपारच्या उन्हात का होईना, गाडी निघाली.

हायवेला लागेपर्यंत ॲंजेलाला दोनदा सू लागली आणि एकदा लागल्यासारखी वाटली. हायवेला लागल्यावर गाड्यांची अशी रांग लागली होती, की जेन्सनने शेजारच्या टेम्पोतल्या बकऱ्यांना नावंसुद्धा देऊन टाकली. एसी जेमतेम चालत होता. मर्लिनने सँडविचचा डबा उघडला आणि पोरांच्या हातात दिला. बटर वितळून त्यांच्या कोपरापर्यंत आलं.

"पप्पा, मास्टर आजोबा मरणार आहेत का?" जेन्सनने विचारलं.

"सगळेच मरतात रे."

"पण आज का?"

"आज नाही. गप्प खा."

"उद्या?"

"जेन्सन, बकऱ्या बघ."

मनोर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मार्कने चहासाठी गाडी थांबवली, ॲंजेलाने तिसऱ्यांदा खाली उतरायचा हट्ट धरला, आणि फोन वाजला. ग्रेसीचा होता. मर्लिनने नाव बघितलं आणि फोन मार्कच्या हातात न देता स्वतःच उचलला, जणू तिने उचलला तर बातमी वेगळी येणार होती.

"मर्लिन, श्वास लांबलाय गं," पलीकडून ग्रेसी रडत होती. "नखं काळी पडलीयत. आळीतल्या सगळ्या बाया जमल्यात. मार्कला सांग फक्त. बोलवत नाही मी."

बोलवत नाही म्हणणाऱ्यांसारखं बोलावणं दुसरं नसतं. मार्कने चहा अर्धा टाकला. गाडी उलटी फिरली तेव्हा जेन्सन काचेला नाक लावून बसला, आणि वसई फाट्यापर्यंत तसाच बसून राहिला. तो रडला असता तर मर्लिनला बरं वाटलं असतं.

मास्टरांच्या घरी बायांची रोझरी रंगात आली होती. मार्क घामाने भिजलेला आत शिरला, बायांनी वाट दिली, त्याने कॉर्नेट लावला. त्याच जागी दम तुटला. आणि त्याच क्षणी मास्टरांचा हात उशीवरून उठला आणि खाटेच्या कडेवर आपटला.

"श्वास कुठे घेतलास? सांग. कुठे घेतलास?"

"सुराच्या आधी, मास्टर."

"सुराच्या आधी म्हणजे सुराच्या डोक्यावर! हे वाजवणार तू माझ्यामागे? सगळी वसई हसेल. माझी पेटी हसेल. असलं वाजणार असेल तर मी मरायचा नाही, सांगून ठेवतो."

रोझरी तिथेच थांबली. बाया एकमेकींकडे बघत उठल्या. कुणाच्या घरी भात लावायचा होता, कुणाची पोरं एकटी होती. दारातून बाहेर पडताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "मी तर काळी साडी पण काढून ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. या खेपेला कॉर्नेट गाडीत होता, कारण मास्टरांनी निरोप पाठवला होता, की जिथे जाशील तिथे वाजव, पण शिकून ये. विक्रमगड मागे पडलं, जव्हारचा घाट लागला, आणि जेन्सनला उलटी झाली. त्याची बघून ॲंजेलाला झाली. दोघांची बघून मार्कलाही व्हायला आली होती, पण त्याला मर्लिनने एक नजर दिली, तशी ती परत फिरली. रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली पोरांना धुऊन, कपडे बदलून, मर्लिन दगडावर बसली. समोर खरोखरचा डोंगर होता. पोरं टक लावून त्याच्याकडे बघत होती.

"हाच का सापुतारा?" ॲंजेलाने विचारलं.

"नाही बाळा. अजून पुढे आहे."

"हा पण चालेल."

मर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, इथेच तंबू ठोकावा आणि कुणाचाही फोन घेऊ नये. घाटात रेंज नव्हती, आणि रेंज नसण्याइतकं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. पण घाट संपला, रेंज आली, आणि मार्कच्या खिशात फोन एकामागून एक थरथरायला लागला. सगळे मिस्ड कॉल ग्रेसीचे होते. शेवटचा मेसेज होता: फादर आलेत.

गाडी परत फिरली. मास्टर परत तसेच होते, मार्क परत तसाच चुकला, आणि मास्टर परत उठून बसले. एवढंच नव्हे, या वेळी त्यांनी उशीला टेकून मार्कला तीनदा पहिल्यापासून वाजवायला लावलं, आणि फादरांनाही श्वास कसा घ्यावा ते समजावलं.

एव्हाना आळीत बातमी पसरली होती. डॉक्टरच्या सलाइनने जे होत नाही ते मार्कच्या कॉर्नेटने होतं, असं लोक बोलायला लागले. संध्याकाळी मागच्या आळीतली फ्लॉसी फाटकाशी येऊन उभी राहिली. तिची सासू कित्येक दिवस खाटेवर होती.

"मार्क, आमच्याकडे येशील का रे जरा? सासूबाईंना पण वाजवून दाखव."

"येतो की," मार्क दमलेल्या आवाजात म्हणाला.

फ्लॉसी दोन पावलं गेली, थांबली, विचार केला आणि मागे वळली. "नको, राहू दे. त्या समाधानी आहेत."

त्या रात्री जेवताना जेन्सनने ताटातला मासा बाजूला सारला आणि विचारलं, "मम्मी, आपण कुठेच जाऊ शकत नाही का? म्हणजे कधीच?" मर्लिनने त्याला जवळ घेतलं आणि माशाचा काटा काढून त्याला घास भरवला. पोरं झोपल्यावर ती मार्कसमोर येऊन बसली. परवाच्या दिवसापर्यंत पोचलो नाही, तर हॉटेलवाला खोली दुसऱ्याला देणार होता. पुढच्या आठवड्यात मार्कची रजा संपत होती.

"एक सांगू? ते का जात नाहीत माहितेय तुला?"

"देवाची मर्जी."

"देवाची कसली? तू चुकतोस म्हणून जात नाहीत. त्यांनी स्वतः सांगितलं ना, असलं वाजणार असेल तर मरणार नाही म्हणून. तू एकदा नीट वाजव. त्यांचा जीव सुटेल बिचाऱ्यांचा, आणि आपल्याला पण..."

पुढचं वाक्य तिने गिळलं. आपण काय बोलत होतो ते तिच्याच ध्यानात आलं आणि तिचे कान तापले. शेजारच्या म्हाताऱ्याने मरावं म्हणून आपण नवऱ्याला रियाजाला बसवतोय! मार्कने टेबलावरची माशी हाकलली, ती पुन्हा येऊन बसली.

"उद्या पाचूबंदरच्या धक्क्यावर जातो," तो म्हणाला. "इथे वाजवलं तर त्यांना ऐकू जाईल."

"मी पण येते. पोरांना तेवढीच सहल."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते पाचूबंदरला गेले. बोटी लागल्या होत्या, धक्क्यावर माशांचा लिलाव चालला होता, आणि आभाळ उगाच मळकट झालं होतं. मार्क एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून उभा राहिला आणि त्याने चाल सुरू केली. पहिली ओळ संपते न संपते, तोच लिलाव थांबला. बोली लावणाऱ्याने टोपी काढली. पाट्या उतरवणारे कोळी पाट्या खाली ठेवून उभे राहिले. एका कोळणीने हातातली सुरी बाजूला ठेवून क्रूस काढला आणि ती लगबगीने मर्लिनकडे आली.

"कोन गेला गो बाय?"

"कोणी नाही, मावशी. प्रॅक्टिस चाललीय."

"मरनाची पन प्रॅक्टिस करतात?" कोळीण कपाळाला हात लावून म्हणाली. "आमचे मासे सडतील तिथं! त्याला सांग, एक काय तो वाजव आनि संपव."

पण एकात संपणारं प्रकरण नव्हतं. मार्क चुकत होता, थांबत होता, पुन्हा सुरू करत होता. प्रत्येक वेळी लिलाव थांबायचा आणि प्रत्येक वेळी टोप्या उतरायच्या, कारण मयताची चाल ऐकू आल्यावर काम चालू ठेवायची तिथे कुणाची छाती नव्हती. जेन्सन आणि ॲंजेलाला एक मेलेला बोय मासा सापडला होता. त्यांनी त्याला चपलेच्या खोक्यात घातलं, खोकं खांद्यावर घेतलं आणि पप्पांच्या चालीवर पावलं टाकत ते वाळूत चालले. जेन्सन पुढे, ॲंजेला मागे, दोघांचे चेहरे कधी नव्हते इतके गंभीर. सुट्टीत पोरांनी हे शिकावं हे काही मर्लिनच्या मनात नव्हतं. पण निदान पोरं खेळत होती, म्हणून तिने त्यांना थांबवलं नाही.

आणि मग ते घडलं. मार्कने डोळे मिटले, पोटातून श्वास भरला आणि सूर वर चढवला. मर्लिन सवयीने दचकायच्या तयारीत होती. पण सूर तुटला नाही. तो धरून राहिला, पाण्यावरून पुढे जात राहिला, बोटींच्या पलीकडे, वसईच्या किल्ल्याच्या भिंतीपर्यंत, आणि तिथून अगदी अलगद खाली उतरला. धक्क्यावर कुणी हललं नाही. मघाची कोळीण पदराने डोळे पुसत होती. "कोनचा पन असो," ती म्हणाली, "भाग्याचा आहे."

मर्लिनला रडू आलं, आणि कशासाठी ते तिला कळत होतं. ती चाल सुंदर होती. एवढी सुंदर असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं, कारण मार्कने ती कधी शेवटपर्यंत न तुटता वाजवलीच नव्हती. हे आपल्या नवऱ्याने वाजवलं म्हणून तिला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी तिला भीती वाटली, कारण आता मास्टरांना अडवणारं काही उरलं नव्हतं. मार्क तिच्याकडे आला. त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता.

"जमलं," तो म्हणाला.

"ऐकलं."

"उद्या सकाळी वाजवतो. मग निघू."

"हं," मर्लिन म्हणाली. पोरांनी बोय पुरला होता आणि त्यावर दोन काटक्यांचा क्रूस लावला होता. ती त्यांचे हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिकी पहिल्या झटक्यात लागली. पोरं मागच्या सीटवर बसली, बेल्ट लावून, शहाण्यासारखी. मार्क कॉर्नेट घेऊन शेजारी गेला, आणि मर्लिन त्याच्यामागून गेली. तिला आत जायचं नव्हतं, पण बाहेरही थांबवत नव्हतं. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

मास्टर आज रागावलेले नव्हते, आणि हेच वाईट होतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी मर्लिनला बघून बोटांनी जवळ बोलावलं. आवाज इतका बारीक होता, की तिला वाकावं लागलं.

"मर्लिन, बाय, पोरं गाडीत बसलीत ना?"

"हो, मास्टर."

"मी तुम्हाला अडकवून ठेवलंय. मला कळतं. जा, पोरांना डोंगर दाखवा. मी पण कधी बघितला नाही. बँड घेऊन लग्नालग्नांतून फिरलो, पण बघायला म्हणून कुठे गेलो नाही." त्यांनी दम घेतला. "फक्त एकदा नीट ऐकू दे. एकदा नीट ऐकलं, की मी मोकळा आणि तुम्ही पण मोकळे. मार्क, लाव."

ग्रेसीने तोंडाला पदर लावला. मार्कने कॉर्नेट ओठांना लावला.

पहिली ओळ नीट गेली. दुसरी त्याहून नीट. मास्टरांचा हात चादरीवर होता आणि बोटं ठेका धरत होती. कपाळावरची आठी हळूहळू सुटत चालली. एवढी वर्षं ती आठी तिथे होती, हे ती गेल्यावरच मर्लिनला दिसलं. चेहरा नितळ होत गेला, म्हाताऱ्याचा वाटेना. बोटांचा ठेका सावकाश झाला. आणखी सावकाश झाला. मार्कचे डोळे त्या बोटांवर खिळले होते.

सूर वर चढला. तसाच, काल पाण्यावरून गेला होता तसा, भरीव आणि सरळ. चादरीवरची बोटं थांबली. खोलीत श्वास घेण्याचा आवाज कुणाचाच येत नव्हता, आणि मर्लिनला बाहेर गाडीत ॲंजेला काहीतरी गुणगुणतेय तेवढं ऐकू येत होतं.

आणि सूर फाटला. असा फाटला, की मार्क लहानपणापासून आजवर इतका वाईट कधी चुकला नव्हता. मर्लिनने दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याची छाती अजून भरलेली होती. खांदे जागच्या जागी होते. आत निम्म्याहून जास्त दम शिल्लक होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मास्टरांच्या कपाळावर आठी पडली. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांनी मार्ककडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा होता तो, त्याचा दम कुठे संपतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"गाढवा," ते शेवटी म्हणाले. आवाज जरा वर आला होता. "तुझ्या बापाने तुला माझ्याकडे कशाला पाठवलं, कोण जाणे. ग्रेसी, पाठीला उशी दे. आणि पेज आण, रिकाम्या पोटी हे ऐकवत नाही. चल. पहिल्यापासून."

ग्रेसी पेज गरम करायला धावली. मार्कने डोळे पुसले, कॉर्नेट उचलला आणि त्याने मर्लिनकडे बघायचं टाळलं.

मर्लिन बाहेर आली. ऊन चढायला लागलं होतं. तिने डिकी उघडली, मोठी बॅग काढून ओटीवर ठेवली, मग छोटी काढली, मग पाण्याच्या बाटल्या. तिचा राग शोधूनही तिला सापडत नव्हता. गाडीच्या मागच्या काचेतून दोन चेहरे तिच्याकडे बघत होते. जेन्सनने बेल्ट काढला आणि तो खाली उतरला.

"मम्मी, बॅगा का काढतेस? पप्पांनी वाजवलं ना? मी ऐकलं. आता का नाही जायचं?"

आतून चाल पुन्हा सुरू झाली होती आणि मास्टर मध्येच ओरडत होते. मर्लिनने खाली वाकून त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"काय करणार रे," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांना अजून नीट वाजवताच येत नाही."